बाहेर आलेले डोळे आणि ऑपरेशनची वेळ

मालवणच्या किनाऱ्याला होड्या लागल्या की मासळीचा लिलाव सुरू होतो. त्या गर्दीत पाटी पुढ्यात घेऊन बांगडे-पेडवे विकणारी चाळिशीतली एक बाई डोळ्यांसमोर आणा. गेल्या काही महिन्यांत तिचे वजन उतरले आहे, भूक मात्र वाढली आहे. माशांचे वाटे लावताना हात थरथरतात. पावसाळी गारव्यातही घाम सुटतो, छातीत धडधडते. डोळे पूर्वीपेक्षा मोठे दिसतात, बुबुळाच्या वर पांढरी कड दिसू लागली आहे. ओळखीचे गिऱ्हाईक थट्टेने म्हणते, ‘‘गो बाय, डोळे कित्याक वटारतंस?’’ ती हसून वेळ मारून नेते, पण घरी आरशासमोर तिला हसू येत नाही.

ही बाई कल्पनेतली आहे. तिची पुढची वाट मात्र कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ओळखीची वाटेल. आधी मेडिकल दुकानातून लालीचे थेंब. मग चष्म्याचा नंबर. मग कोणी सांगते, नजर लागली. कोणी देवळात कौल लावायला सुचवते. यात सहा-आठ महिने जातात. शेवटी एखादा डॉक्टर मान तपासतो, नाडी मोजतो आणि रक्त तपासायला पाठवतो. थायरॉईड वाढलेला निघतो. गोळ्या सुरू होतात, धडधड थांबते, वजन भरते. डोळे मात्र तसेच राहतात. मग ती विचारते, ‘‘थायरॉईड बरा झाला, मग डोळे आत का जात नाहीत? ऑपरेशन करून टाका ना!’’

ऑपरेशन आहे आणि ते चांगले आहे. पण ते कधी करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे, यावर त्याचे यश अवलंबून असते. बहुतेक रुग्णांना काही महिने थांबावे लागते. थोड्या रुग्णांना मात्र एक आठवडाही थांबणे परवडत नाही. आपण कोणत्या गटात आहोत, हे रुग्णाला आणि घरच्यांना कळले तर डोळा वाचतो.

डबा तेवढाच, वाटाणे फुगलेले

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिने किती काम करायचे हे मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी टीएसएच या संप्रेरकाच्या मार्फत ठरवते. टीएसएच ही किल्ली आणि थायरॉईडच्या पेशींवर तिचे कुलूप, असे समजा. ग्रेव्हज या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती वाट चुकते आणि या कुलपाला बसणारी बनावट किल्ली, म्हणजे प्रतिपिंडे, तयार करते. कुलूप सतत उघडे राहते, ग्रंथी थांबतच नाही. धडधड, थरथर, घाम आणि वजन घटणे हा सगळा त्याचा परिणाम.

डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये या आजाराचे वर्णन केले. १८४० मध्ये जर्मनीतील डॉ. कार्ल फॉन बेसडो यांनी गळ्याची गाठ, बाहेर आलेले डोळे आणि धडधड ही त्रयी मांडली. म्हणून युरोपात अनेक ठिकाणी तो बेसडोचा आजार म्हणून ओळखला जातो.

डोळे का बाहेर येतात, याचे उत्तर बरेच नंतर मिळाले. थायरॉईडवर असते तेच कुलूप डोळ्यामागच्या पेशींवरही असते. प्रतिपिंडे तिथे जाऊन बसली की त्या पेशी वाढतात, चरबी वाढते आणि पाणी धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ साचतो. डोळा हलवणारे स्नायू सुजून जाड होतात.

आता खोबणीचा विचार करा. डोळ्याची खोबण म्हणजे हाडाची शंकूसारखी पेटी. चारही बाजूंना हाड, उघडी फक्त पुढची बाजू. तिची क्षमता साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे सहा छोटे चमचे. त्यातले सुमारे ७ मिलिलिटर डोळ्याच्या गोळ्याचे. उरलेल्या जागेत स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस. सांबाऱ्यासाठी काळे वाटाणे भिजत घालताना डबा काठोकाठ भरून झाकण लावले, तर सकाळी झाकण वर उचललेले दिसते. डबा तेवढाच राहिला, वाटाणे फुगले. इथेही तेच होते. आतला ऐवज चार-पाच मिलिलिटरने वाढला तरी डोळा पाच-सहा मिलिमीटर पुढे ढकलला जाऊ शकतो.

झाकण उचलले न गेल्यास काय होईल? दाब आतल्या आत वाढेल. काही रुग्णांच्या पापण्या घट्ट असतात, त्यांचा डोळा फारसा बाहेर येत नाही. पण खोबणीच्या अरुंद टोकाशी सुजलेले स्नायू डोळ्याची नस दाबू लागतात. म्हणून ‘डोळे काही एवढे बाहेर नाहीत’ असे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

मासे खाऊनही थायरॉईड?

किनारपट्टीवर एक समजूत पक्की आहे: मासे खाणाऱ्याला थायरॉईड होत नाही. यामागे अर्धे सत्य आहे. आयोडीन कमी पडल्यामुळे होणारा गलगंड समुद्री मासळी आणि आयोडीनयुक्त मीठ यांमुळे टळतो. ग्रेव्हजचा आजार मात्र आयोडीनच्या कमतरतेमुळे होत नाही. तो प्रतिकारशक्तीचा आजार आहे. बांगडा खाल्ल्याने तो टळत नाही आणि बांगडा सोडल्याने बरा होत नाही. जेवणातले मासे आणि मीठ नेहमीप्रमाणे चालू ठेवावे. आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाची पूरक औषधे मात्र स्वतःहून घेऊ नयेत.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये बराच जास्त दिसतो. डोळ्यांचे तीव्र स्वरूप मात्र पुरुषांमध्ये आणि वयस्कर रुग्णांमध्ये तुलनेने अधिक आढळते. ग्रेव्हजच्या प्रत्येक रुग्णाचे डोळे बाहेर येत नाहीत आणि ज्यांचे येतात त्यांतल्या बहुतेकांचा आजार सौम्य असतो. काही जणांत डोळ्यांची लक्षणे आधी दिसतात आणि थायरॉईडचा बिघाड नंतर. थोड्या रुग्णांत तर रक्ताचा अहवाल नॉर्मल येऊनही डोळ्यांचा आजार असतो. त्यामुळे एक अहवाल ठीक आला म्हणून शंका सोडून देऊ नये.

मोठ्या माणसात एक किंवा दोन्ही डोळे बाहेर येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण थायरॉईड हेच आहे. पण विशेषतः एकच डोळा पुढे आला असेल तर खोबणीतली गाठ, जंतुसंसर्ग किंवा रक्तवाहिनीचा दोषही असू शकतो. म्हणून सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून खात्री करावी लागते.

पेटलेला काळ आणि विझलेला काळ

डोळ्यांच्या या आजाराला दोन टप्पे असतात. पहिला सुजेचा, पेटलेला टप्पा. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या, डोळा फिरवताना दुखते, सकाळी उठल्यावर त्रास जास्त. हा टप्पा साधारणपणे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालतो. मग दाह हळूहळू विझतो. पण सुजून ताणलेले स्नायू पूर्ववत होत नाहीत, त्यांत कडकपणा येतो. लाली जाते, आकार मात्र उरतो. म्हणूनच थायरॉईडच्या गोळ्यांनी रक्त सुधारले तरी डोळे आपोआप आत जातीलच असे नाही.

दाह चालू आहे की विझला, हे डॉक्टर सात खुणांवरून ठरवतात: डोळ्यामागचे आपोआप दुखणे, डोळा फिरवताना दुखणे, पापण्यांची सूज, पापण्यांची लाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागाची लाली, त्या भागावरची सूज आणि नाकाजवळच्या कोपऱ्यातील मांसल कणाची सूज. प्रत्येक खुणेला एक गुण. तीन किंवा जास्त गुण मिळाले तर दाह चालू आहे असे समजतात. डोळा किती पुढे आला हे हर्टेलच्या मापकाने मिलिमीटरमध्ये मोजतात. दोन डोळ्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर तोही लक्षात घेतात.

पेटलेल्या टप्प्यात उगाच ऑपरेशन केले तर आज बसवलेला डोळा उद्या पुन्हा सुजेने हलतो आणि सगळे हिशेब चुकतात. वादळ चालू असताना कोणी घराची कौले शाकारत नाही. म्हणून नजरेला धोका नसेल तर दाह विझून डोळ्यांची मापे सहा महिने स्थिर राहीपर्यंत थांबतात.

थांबायचे, पण हातावर हात ठेवून नाही

या काळात करण्यासारखे बरेच असते. पहिले काम म्हणजे थायरॉईड नॉर्मल ठेवणे. तो वाढलेला असणे डोळ्यांना वाईट आणि उपचारांनंतर एकदम उतरणेही वाईट. म्हणून ठरलेल्या तारखेला रक्ततपासणी चुकवू नये. थायरॉईडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन देण्याचा विचार असेल तर डोळ्यांची तक्रार आधी सांगावी. त्या उपचाराने डोळ्यांचा आजार काहींमध्ये बळावतो. सोबत स्टिरॉइड देऊन हा धोका कमी करता येतो.

दुसरे काम विडी-सिगारेट सोडणे. यात सवलत नाही. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये डोळ्यांचा आजार जास्त वेळा होतो, जास्त तीव्र होतो आणि औषधांना कमी दाद देतो. ट्रॉलरवर रात्र काढताना ओढलेली विडी थंडी घालवत असेल, पण ती डोळे घालवू शकते. घरात दुसरा कोणी ओढत असेल तर त्यानेही बाहेर जावे.

तिसरे काम डोळ्याच्या पृष्ठभागाची राखण. बाहेर आलेला डोळा नीट मिटत नाही, वारा आणि खारे तुषार त्याला कोरडे करतात. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, बाहेर पडताना बाजूंनी झाकणारा गॉगल. झोपताना डोक्याखाली उंच उशी घेतली तर सकाळची सूज कमी होते. पापणी उघडी राहत असेल तर ती रात्री हलकेच टेपने कशी मिटवायची, हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.

मध्यम ते तीव्र दाह असेल तर शिरेतून मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात. रूढ पद्धतीत आठवड्यातून एकदा ५०० मिलिग्रॅम असे सहा आठवडे, नंतर २५० मिलिग्रॅम असे सहा आठवडे, एकूण साडेचार ग्रॅम. त्याआधी साखर, रक्तदाब, यकृत, कावीळ आणि क्षय यांची तपासणी आवश्यक असते. हे औषध दाह विझवते. पण दाह विझण्याआधीच झालेला कडकपणा ते परत फिरवत नाही, म्हणून ते वेळेत मिळायला हवे. दुकानातून स्टिरॉइडच्या गोळ्या आणून मनाने खाणे धोक्याचे आहे. थेंबांचे स्टिरॉइड खोबणीच्या आत पोहोचत नाही, उलट काचबिंदू करू शकते.

काही रुग्णांत खोबणीला किरणोपचार देतात. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) आणि त्यांच्या पत्नी बार्बरा बुश या दोघांनाही ग्रेव्हजचा आजार झाला होता. बार्बरा यांच्या डोळ्यांना त्रास झाला आणि त्यांनी डोळ्यांसाठी किरणोपचारही घेतले. २०२० मध्ये अमेरिकेत टेप्रोटुमुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. दर तीन आठवड्यांनी एक अशा आठ सलाइनमधून ते देतात आणि अनेकांचे डोळे त्याने आत जातात. पण ते अतिशय महाग आहे, शिवाय साखर वाढणे आणि ऐकू कमी येणे असे दुष्परिणाम त्याला आहेत. आपल्याकडच्या सर्वसामान्य रुग्णासाठी स्टिरॉइड आणि शस्त्रक्रिया हेच आजचे मुख्य आधार आहेत.

दोन वेळा मात्र थांबायचे नाही

पहिली वेळ, डोळ्याची नस दाबली जाणे. डोळ्यांचा थायरॉईड आजार असलेल्या शंभर रुग्णांमागे सुमारे पाच जणांत हे घडते. यात दुखेलच असे नाही. आधी रंग फिके पडतात, विशेषतः लाल. मग नजर धूसर होते, कडेचे किंवा मधले दिसेनासे होते. घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. अंगणातले लाल जास्वंदीचे फूल समोर धरा. एक डोळा झाकून पाहा, मग दुसरा. एका डोळ्याला फूल लालभडक आणि दुसऱ्याला विटकरी, धुतल्यासारखे दिसले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहिले तर हा फरक कळत नाही, चांगला डोळा दुसऱ्याचे उणे झाकतो. दोन्ही डोळे सारखेच बिघडले तर एकेक डोळा झाकूनही फरक जाणवणार नाही. म्हणून एकूणच रंग फिके वाटू लागले तरी तेवढ्याच घाईने जावे.

दुसरी वेळ, बुबुळावर जखम होणे. डोळा मिटत नाही, पृष्ठभाग कोरडा पडतो, त्यात जंतू शिरतात. डोळा खुपतो, उजेड सोसत नाही, पाणी वाहते, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. हा ठिपका म्हणजे जखम. ती खोल गेली तर डोळा जाऊ शकतो.

नस दाबली गेली असेल तर रुग्णालयात दाखल करून शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस देतात. एक-दोन आठवड्यांत नजर सुधारली नाही तर खोबण मोकळी करण्याचे ऑपरेशन तातडीने करतात. नजर वेगाने उतरत असेल तर तेवढेही थांबत नाहीत. बुबुळाच्या जखमेवर औषधे, पापण्या तात्पुरत्या शिवणे आणि गरज पडल्यास तेच ऑपरेशन. इथे दाह पेटलेला असला तरी चाकू उचलावा लागतो, कारण प्रश्न दिसण्याचा आहे.

डब्याला जागा करून देणे

या ऑपरेशनला ऑर्बिटल डीकम्प्रेशन म्हणतात. यात डोळ्याच्या गोळ्याला हात लावत नाहीत. फुगलेले वाटाणे बाहेर काढण्यापेक्षा डब्याची बाजू उघडून त्यांना पसरायला जागा द्यायची, अशी ही युक्ती आहे.

खोबणीच्या वर मेंदू आहे. खाली गालाच्या हाडातली हवेची पोकळी, म्हणजे सायनस. नाकाच्या बाजूला लहान सायनसची जाळी आणि मध्ये कागदासारखा पातळ हाडाचा पडदा. कानाच्या बाजूला जाड, भक्कम हाड. १९११ मध्ये बुडापेस्टच्या डॉलिंगर यांनी कानाकडची भिंत काढून पहिला प्रयत्न केला. १९३१ मध्ये अमेरिकेत नॅफझिगर यांनी कवटी उघडून छप्पर काढण्याची पद्धत मांडली. १९५७ मध्ये वॉल्श आणि ओगुरा यांनी गालाच्या सायनसमधून जाऊन खालची आणि नाकाकडची भिंत काढण्याचा मार्ग दाखवला, तो अनेक वर्षे वापरात होता. १९९० च्या सुमारास नाकातून दुर्बीण घालून हे करण्याची सोय झाली.

आज बहुतेक वेळा नाकाकडची आणि कानाकडची अशा दोन भिंतींवर काम करतात. दोन्ही बाजूंना सारखी जागा मिळाली की डोळा एका अंगाला कलत नाही. गरज असेल तर खालच्या भिंतीचा भाग आणि थोडी चरबीही काढतात. छेद पापणीच्या आतून, पापणीच्या घडीत किंवा नाकातून घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण जवळजवळ दिसत नाही. एका भिंतीमागे साधारण दोन ते तीन मिलिमीटर डोळा आत जातो. दोन भिंती आणि चरबी मिळून चार-सहा मिलिमीटर. तो आकडा लहान वाटतो, पण चेहऱ्यावर तो फार मोठा दिसतो. पापणी पुन्हा बुबुळावर येऊ लागते, नसेवरचा दाब उतरतो.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होते. त्याआधी थायरॉईड नियंत्रणात असणे अत्यावश्यक, नाहीतर भुलेतच हृदयावर संकट येऊ शकते. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे, मनाने बंद करू नये.

धोकेही मोकळेपणाने विचारावेत. सर्वांत नेहमीचा म्हणजे नव्याने किंवा पूर्वीपेक्षा जास्त दुहेरी दिसणे. गाल, वरचा ओठ आणि वरचे दात बधिर वाटू शकतात, ते बहुधा काही महिन्यांत कमी होते. सायनसचा संसर्ग, रक्तस्राव, मेंदूभोवतीचे पाणी झिरपणे हे कमी वेळा घडते. नजर जाणे क्वचित, पण अशक्य नाही. म्हणून घरी परतल्यावर डोळ्यात अचानक तीव्र कळ आली किंवा दिसणे मंद झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच परतावे. काही आठवडे जोराने नाक शिंकरू नये, कारण नाकातली हवा आणि जंतू थेट खोबणीत शिरू शकतात. तारकर्ली-मालवणला पर्यटकांसोबत पाण्याखाली उतरणाऱ्या तरुणांनी तर सर्जनने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय डुबकी मारू नये.

आधी खोबण, मग तिरळेपणा, शेवटी पापणी

शस्त्रक्रियेचा क्रम ठरलेला आहे. आधी खोबण मोकळी करणे, कारण त्याने डोळ्याची जागा आणि स्नायूंचा ताण दोन्ही बदलतात. मग दुहेरी दिसण्यासाठी स्नायूंचे ऑपरेशन. सर्वांत शेवटी पापण्यांचे, कारण स्नायू सैल केले की पापण्यांची उंचीही बदलते. क्रम उलटा केला तर एक काम दुसरे काम बिघडवते. प्रत्येकाला तिन्ही लागतात असे नाही. काहींना फक्त पापणी पुरते, काहींना काहीच लागत नाही.

दुहेरी दिसणे ही नुसती गैरसोय नाही. विळीवर मासा कापताना, होडीच्या काठावर पाय ठेवताना, दुचाकी चालवताना ते जीवघेणे ठरू शकते. बहुधा डोळा खाली ओढणारा किंवा नाकाकडे ओढणारा स्नायू कडक झालेला असतो. कडक स्नायू सोडवून थोडा मागे बसवतात, म्हणजे दोन्ही डोळे पुन्हा एका रेषेत येतात. मापे स्थिर होईपर्यंत प्रिझमचा चष्मा किंवा एका डोळ्यावर पट्टी यांनी काम भागवता येते. त्या काळात वाहन चालवू नये. सगळ्या दिशांना एकच दिसेल असे वचन कोणी देत नाही. समोर आणि खाली पाहताना, म्हणजे चालताना आणि वाचताना, एक दिसावे हे उद्दिष्ट असते.

पापणीच्या ऑपरेशनमध्ये वर ओढली गेलेली पापणी सैल करून खाली आणतात. खालच्या पापणीला आधार लागला तर आत छोटा तुकडा बसवतात. ज्यांचा डोळा मुळात फार पुढे नसतो, फक्त पापणी वर गेल्याने तो मोठा दिसतो, त्यांचा चेहरा एवढ्यानेच बदलतो.

हे सगळे ‘सौंदर्याचे’ ऑपरेशन आहे, असे अनेकदा हिणवले जाते. हे बरोबर नाही. सतत रागावल्यासारखा दिसणारा चेहरा घेऊन बाजारात बसणे, लग्नाच्या बोलणीत उभे राहणे, मुलाच्या शाळेत जाणे कठीण होते. माणसे घराबाहेर पडणे बंद करतात, फोटो टाळतात. आजाराने नेलेला चेहरा परत मागणे हा हट्ट नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

मालवणहून कुठे जायचे?

सुरुवात जवळूनच होते. टीएसएच, टी-३, टी-४ या रक्ततपासण्या, थायरॉईडच्या गोळ्या आणि नेत्रतपासणी यांसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. मालवणच्या ग्रामीण रुग्णालयातून सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा रुग्णालयाकडे जाता येते. तिथे २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. जिल्ह्यातील माणसे पूर्वीपासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे जात आली आहेत. ते मालवणहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. खोबणीच्या ऑपरेशनसाठी नेत्रखोबण आणि पापण्यांचे तज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, थायरॉईडचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ एकत्र लागतात. अशा सोयी मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत असतात. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचे शंकर नेत्रालय, मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय इथेही हे काम होते. ऑपरेशन सरकारी योजनेत बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावे.

जाताना तीन गोष्टी सोबत असाव्यात. सगळे जुने रक्तअहवाल तारखेच्या क्रमाने. चालू औषधांची पाकिटे. आणि जुने फोटो, लग्नातला किंवा आधार कार्डावरचा. आजार कधी सुरू झाला आणि डोळे मूळचे कसे होते, हे डॉक्टरांना त्यातून कळते. आजार सुरू झाल्यावर दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात मोबाईलवर समोरून आणि बाजूने एक फोटो काढून ठेवावा. दाह वाढतो आहे की विझतो आहे, हे त्यातून दिसते.

या आजारात रुग्ण सर्वांत जास्त खचतो तो थांबण्याच्या काळात. गोळ्या चालू, रक्त ठीक, तरी डोळे तसेच. मग तारीख चुकते, विडी पुन्हा सुरू होते. इथे घरच्यांचे काम सुरू होते. तिला तारखेला नेणे, रात्री मलम घालायची आठवण करणे, दर आठवड्याला एकेक डोळा झाकून जास्वंदीचे फूल दाखवणे. आणि किनाऱ्यावर कोणी ‘डोळे कित्याक वटारतंस’ विचारले, तर शेजारी बसलेल्याने तिच्या वतीने सांगावे: ती रागावलेली नाही, तिला थायरॉईडचा आजार आहे आणि त्यावर उपचार चालू आहेत.